लिंबू-मिरचीला लटकलेला नवरदेव

काल दुपारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी चक्क किंचाळले. डब्यातली भेंडी तशीच राहिली... मेल आला होता. आमची माशी छापून आली! जगात आजवर कुणीच नोंदवली नव्हती अशी कुकू बी, आणि राहते कुठे? तर आमच्या नागपुरात, हुडकेश्वरला!

कुकू बी म्हणजे काय ते आधी सांगते. कोकिळा कशी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते, तशीच ही मधमाश्यांच्या गोतातली माशी. स्वतः घर करणार नाही, पिल्लांसाठी पराग गोळा करणार नाही... दुसऱ्या माशीने राबून आपलं बीळ भरलं की ही गुपचूप आत शिरून अंडं घालणार. एक नंबरची फुकटी! पण दिसायला इतकी देखणी की रागावता येत नाही. काळीभोर आणि अंगभर आकाशी ठिपके.

मी प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या शेजारच्या रिकाम्या प्लॉटात मातीची एक पडकी भिंत आहे, तिथे मला ह्या माश्या पहिल्यांदा दिसल्या. ठिपक्यांची ठेवण माहितीतल्या एकाही जातीशी जुळेना. या विषयातल्या जाणत्या सरांना नमुने दाखवले, त्यांनाही नवीच वाटली. मग काय, मोठ्या उत्साहात शोधपत्रिकेला पेपर लिहून पाठवला.

आणि तो परत आला.

कारण माझ्याकडे होत्या सगळ्या माद्या. एखाद्या जुन्याच जातीच्या ह्या जरा वेगळ्या दिसणाऱ्या माद्या नसतील कशावरून? नर दाखवा, मग बोलू, असं तपासणाऱ्यांचं म्हणणं. मुद्दा बरोबर होता, म्हणून तर जास्त चिडचिड झाली. नर मिळाला तर नवी जात, नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

पुढचा पावसाळा सरत आला तशी मी रोज कॉलेज सुटलं की जाळी घेऊन प्लॉटात. फुलं बघितली, भिंत बघितली, वाळक्या काड्या एकेक करून बघितल्या. कॉलनीतले लोक आधी विचारायचे, मॅडम काही हरवलं का... नंतर विचारायचेही बंद झाले.

माझ्या सासूबाई कन्हानकडच्या. मी त्यांना आईच म्हणते. त्यांना मी फक्त 'नर शोधतेय' एवढंच सांगितलं होतं, त्यांनी त्याचं पार स्थळ करून टाकलं. मी घामाघूम होऊन गेटात शिरले की घरापुढच्या ओट्यावरून ठरलेला प्रश्न, "काय वं, भेटला का नवरदेव?"

आमचं आणखी एक भांडण होतं. आई दर शनिवारी गेटच्या कमानीला लिंबू-मिरची बांधायच्या. मी विज्ञान शिकवणारी बाई, घरी विद्यार्थी येतात, आणि माझ्याच गेटला हे? कितीदा सांगितलं, समजावलं, रुसूनही बघितलं. त्या ऐकतील तर शपथ! घराला नजर लागते म्हणजे लागते.

त्या मंगळवारी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. हवेत गारवा यायला लागला होता, माश्या दिसेनाशा होत चालल्या होत्या. हा सीझन गेला म्हणजे थेट पुढचं वर्ष... संध्याकाळी रिकाम्या हाताने परतले, गेट ढकललं आणि ती लिंबू-मिरची झुलत येऊन नेमकी कपाळावर आपटली.

झालं! सगळा राग तिच्यावर निघाला. आज तोडूनच फेकते म्हणून हात घातला... आणि हात तिथेच थांबला.

मिरच्यांखाली काळ्या दोऱ्याचं एक टोक लोंबत होतं. त्या टोकाला कुणीतरी झोपलं होतं. जबड्यात दोरा घट्ट धरलेला, पाय पोटाशी घेतलेले, अख्खं अंग हवेत. काळंभोर, आकाशी ठिपके...

ह्या माश्यांना स्वतःचं घर नसतं, त्यामुळे अंधार पडायच्या आत मिळेल ती काडी चावून धरतात आणि तशाच झोपतात. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. पण प्लॉटातल्या काड्या सोडून आपल्याच गेटकडे कोण बघतं?

"काहून वं, तोडून राहिली का? शनिवारच्या आधी काढत नसते!" ओट्यावरून आवाज आला.

"आई, हलू नका! आणि टॉर्च आणा!"

नराच्या अँटेनाला मादीपेक्षा एक कांडं जास्त असतं. आईंनी मोबाईलचा टॉर्च धरला, मी भिंग लावलं. मोजलं. विश्वास बसेना म्हणून परत मोजलं. आईंनी टॉर्च आणखी जवळ आणला...

एक जास्त!

"आई, भेटला नवरदेव!" मी त्यांना मिठीच मारली. "अवं माय!" म्हणत त्यांनी आधी हात जोडले आणि मग लगेच कमरेवर ठेवले. "अन् मले म्हने हे काढून टाका. कोनाच्या दोऱ्यावर येऊन झोपला तो?"

पुरावा समोर लटकत होता. दोरा कापायला कात्री मात्र त्यांनीच आणून दिली, मंगळवार असूनही.

नमुना नेमका कुठे सापडला हे पेपरात लिहावंच लागतं. लिहिलं... घराच्या गेटला टांगलेल्या लिंबू-मिरचीच्या दोऱ्यावर, झोपलेल्या अवस्थेत. तपासणाऱ्यांपैकी एक परदेशातले. त्यांनी विचारलं, हे काय असतं? आणि इतकी वर्षं जिच्यावरून भांडले, ती लिंबू-मिरची मी त्यांना अर्धं पान भरून समजावून सांगितली!

काल आईंनी गल्लीभर संत्रा बर्फी वाटली. पेपरातल्या आभारांमध्ये पहिलं नाव त्यांचं आहे. ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि चौथ्यांदा शेजारच्या काकूंना बोलावून. त्यांच्याकडे बघून माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

नजरेबिजरेवर माझा अजूनही विश्वास नाही. पण हल्ली शनिवारची लिंबू-मिरची मीच घेऊन येते. बांधतात आईच... मी फक्त एवढंच म्हणते, आई, दोरा खाली जरा लांब सोडा, कुणीतरी मुक्कामाला येईल.