नंबर आल्याशिवाय हात लावायचा नाही

आमच्या गावची नळयोजना पंचायत आणि एक कंपनी मिळून चालवायला लागल्यापासून पाणी वाढलं की नाही ते माहीत नाही, किस्से मात्र धो धो वाढले! मी पंचायतीतला कॉम्प्युटर ऑपरेटर. कंपनीचा स्क्रीन माझ्याच टेबलावर, त्यामुळे एकही किस्सा माझ्या हातून सुटत नाही.

आणि प्रत्येक किस्सा फिरून नामदेवकाकांवरच येतो. काका आमचे वॉलमन. वीसेक वर्षं खांद्यावर लोखंडी चावी घेऊन गावभर व्हॉल्व्ह उघडत-मिटत फिरणारा माणूस. कंपनी आली ती हेच म्हणत, की सगळं ऑटोमॅटिक होणार, मग वॉलमन कशाला?

*

पहिल्याच दिवशी कंपनीचे साहेब म्हणाले, "पाइपलाइनचा नकाशा द्या."

सरपंचताईंनी काकांकडे बोट दाखवलं. काका उठले, चप्पल घातली. "चला!"

साहेब तीन दिवस वही घेऊन त्यांच्यामागे फिरले. एका दुपारी काका दिसेनात, तेव्हा आमचा शिपाई म्हणाला, "नकाशा जेवाले गेला, साहेब."

*

काका सकाळी व्हॉल्व्ह उघडायचे ते अनसिंगहून येणाऱ्या एसटीवर. एसटी आली की पाणी. कंपनीने सातची वेळ ठरवून घरोघरी मेसेज पाठवले. सातला पाणी सुटलं, तर हंडा लावायला कुणीच नाही! साहेब गल्लीत उभे राहून ओरडायला लागले.

शांताबाई दारातूनच म्हणाली, "कायले वरडून राह्यले? यष्टी तर येऊ द्या!"

*

मग कॉल सेंटर आलं. नियम असा, की तक्रारीचा नंबर काकांच्या मोबाइलवर आल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.

एकदा शांताबाईच्या नळाला पाणी येईना. तिने फोन लावला. तो कुठल्या तरी लांबच्या शहरात गेला, तिथून हिंदीत पत्ता विचारला गेला. इकडे काका तिच्याच ओट्यावर चावी मांडीवर घेऊन बसलेले.

"भाऊजी, लावा ना हात!"

"नंबर नाई आला, वयनी. मागच्या खेपी बिना नंबरचं काम केलं, तं मेमो भेटला मले!"

दोन चहा झाल्यावर नंबर आला. हे सांगताना काका हसले नाहीत, आणि मलाही फार वाईट वाटलं.

*

शेवटी तो दिवस उजाडला. टाकीखाली मंडप. साहेब ऑटोमॅटिक व्हॉल्व्हचं बटण दाबणार, आणि काका शाल-नारळ घेऊन चावी कंपनीकडे जमा करणार. म्हणजे काकांची कायमची सुट्टी. लॅपटॉप घेऊन मी शेजारीच होतो, पण काकांकडे बघवत नव्हतं.

आधी शाल-नारळ झालं, चावी जमा करायची तेवढी राहिली. मग साहेबांनी बटण दाबलं. मंडपाशेजारच्या बिनतोटीच्या नळाला पाणी आलं. टाळ्या! साहेबांनी बंदचं बटण दाबलं. स्क्रीनवर आलं 'बंद'. पाणी काही ऐकेना. टाकीतलं गावाचं पाणी मंडपात शिरलं, साहेबांचे बूट बुडाले.

"काका, बंद करा ना लवकर!"

काकांनी खुर्चीवर पाय वर घेतले. "नंबर लागन, साहेब."

साहेबांनी कॉल सेंटरला फोन लावला. तिथे तीनच पर्याय: पाणी येत नाही, पाणी कमी येतं, पाणी गढूळ येतं. घाईघाईत साहेबांनी पहिलाच दाबला.

काकांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो मला वाचायला दिला. मी मोठ्यानं वाचलं, "तक्रार: पाणी येत नाही."

काकांनी एकदा साहेबांच्या बुटांकडे पाहिलं.

"तक्रार खोटी दिसून राह्यली, साहेब. पण नंबर आला नं!"

ते उठले. "हे धरा," म्हणत शाल आणि नारळ साहेबांच्या हातात दिले आणि चावी खांद्यावर घेऊन पाण्यातून निघाले.