शुक्रवारी सगळं ठीक

भावेशच्या कॉम्प्युटरवरची काळी खिडकी त्या आठवड्यात पुन्हा नाहीशी झाली. तिला शेल म्हणतात. तीत कमांड लिहायच्या, गोदामातला माल पुण्याच्या मुख्य कार्यालयाच्या सिस्टिमशी जुळवायचा आणि गाड्यांचा गेटपास काढायचा, एवढं त्याचं काम. काम निम्म्यावर आलं की खिडकी मिटायची. का, ते सांगायची नाही. बरं, रोज मिटेल तर शपथ. रोज मिटली असती तर कुणी विश्वास तरी ठेवला असता.

दिघाशीहून मोटरसायकलने भिवंडीला येणारा हा माणूस याच गोदामात कित्येक वर्षं उभ्यानं खोके स्कॅन करत होता. पायांच्या शिरा फुगल्या, तेव्हा कुठे त्याला खुर्ची मिळाली. आता तीच जायची वेळ आली होती. मॅनेजर दत्तोपंत तसे सरळ, पण गाड्या अडकल्या की त्यांचं डोकं फिरायचं.

"पुण्याचे लोक म्हणतात मशीन चांगलं आहे," ते म्हणाले. "मग राहिलं कोण? अजून एकदा तपासून घे. काही निघालं नाही, तर सोमवारपासून तू खाली स्कॅनिंगला."

पुण्याचे लोक म्हणजे मुख्य कार्यालयात सिस्टिम सांभाळणारा एकटा सुश्रुत. त्याच कमांड त्याने आपल्याकडे कितीदा तरी चालवून पाहिल्या होत्या. "माझ्याकडे होत नाहीये रे," असं तो इतक्या गोडीने म्हणायचा की भांडायचीही सोय नव्हती. भावेशने तरी काय करायचं बाकी ठेवलं होतं? शेल नव्याने टाकलं, कीबोर्ड बदलला, एकदा तर कुणी बघत नाही असं पाहून मॉनिटरला उदबत्ती ओवाळली.

तपासणी ठरायची ती शुक्रवारी. दिवस भावेशच सुचवायचा. गोदामाच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना; त्या खडखडाटात फोनवरचं बोलणं 'हॅलो'च्या पुढे सरकत नाही. शुक्रवारी लूम बंद असतात. भिवंडीत कुणाशी चार शब्द धड बोलायचे तर माणूस शुक्रवारच धरतो. भावेशने जगावेगळं काही केलं नव्हतं.

या शुक्रवारीही सुश्रुतने फोनवर राहून सकाळभर काम करून घेतलं. खिडकी पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी गुणी होऊन बसून राहिली. शेवटी तो म्हणाला, "राग मानू नकोस, भावेश. घाईत चुकून तूच ती बंद करत नसशील ना?"

"नाही सर," भावेश म्हणाला, पण ते त्याचं त्यालाच पटलं नाही. आपला हात नकळत काही दाबतो की काय, असं त्याला खरंच वाटू लागलं होतं. रात्री जेवताना तो घास सोडून बोटांकडेच बघत बसला.

"हात दुखतो का तुमचा?" बायकोने, दिशाने, विचारलं.

"न्हाय गं. हातावर भरवसाच न्हाय राहिला."

शनिवारी तो पडलेल्या चेहऱ्याने खुर्चीत बसला. दुपारी शेजारच्या कारखान्यातला उडालेला फ्यूज कुणीतरी बसवला आणि सगळे लूम एकदम सुरू झाले. डोक्यावरचा पंखा मंदावला. खिडकी मिटली. भावेशचे दोन्ही हात तेव्हा मांडीवर होते.

त्याने त्या हातांकडे पाहिलं. मग त्याने मान वर केली. दारामागे, कॅलेंडरच्या वर नेटवर्कचा डबा टांगलेला होता आणि त्याचे विझलेले दिवे एकेक करून लागत होते. कॉम्प्युटरला बॅटरी होती, डब्याला नव्हती. सगळे लूम एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडायचं, डबा क्षणभर बंद व्हायचा, पुण्याशी जोडणी तुटायची आणि शेल जायचं. शुक्रवारी कसलं जातंय? दुखणं नसेल तो दिवस बघून आपण दर वेळी डॉक्टर बोलावला, हे कळल्यावर त्याला हसू यायला हवं होतं. त्याला रडू आलं.

त्याने सुश्रुतला फोन लावला. "काही ऐकू येत नाहीये रे," सुश्रुत ओरडला, "शुक्रवारी बोलूया का?"

भावेशने फोन ठेवला आणि मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावला. बोलला काहीच नाही. काम सुरू केलं, डबा दाखवला, त्याची पिन काढून परत लावली आणि मोबाइल स्क्रीनसमोर धरला. खिडकी गेलेली होती. पलीकडे सुश्रुतचे ओठ हलले. पाठोपाठ मेसेज आला: "दिसलं. चूक तुझी नव्हती. साहेबांना कळवतो."

भावेशने तो दोनदा वाचला. आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. झाला तो नुसता थकवा, अंगातलं सगळं बळ काढून नेणारा.

थोड्या वेळाने दत्तोपंत दारात आले. हातात मोबाइल होता, म्हणजे वाचलं असणार. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग भावेशकडे. एकदा 'चुकलं माझं' म्हणाले असते तर त्याचे एवढे दिवस भरून निघाले असते.

"गाडी खोळंबली आहे," ते म्हणाले.

"हो, काढतो," म्हणत भावेशने पहिल्या कमांडपासून पुन्हा सुरुवात केली.