राख ओढणारा पन्ना

लग्नात मी बायकोला हिरव्या खड्याची अंगठी घातली. खडा पूर्णा स्टेशनवर एका हैदराबादच्या खडेवाल्याकडून घेतला होता, अस्सल पन्ना म्हणून. पन्ना म्हणजे बुधाचा खडा. म्हणून दर बुधवारी सकाळी ती अंगठी डब्यातून काढायची, पूजेत समईच्या उबेला ठेवायची, शेजारी उदबत्ती लावायची आणि पूजा झाली की परत डब्यात; पन्ना नाजूक, तडकेल म्हणून मी बोटात घालू देत नसे. खडा तापला की राखेचे कण उडून त्याला चिकटायचे. मग काय विचारता! खरा पन्ना असाच अंगारा ओढतो, असं मी साऱ्या झरी गावाला सांगत सुटलो. लोक बघायला यायचे आणि मी मिशीवर ताव देत बसायचो.

यंदा पाहुण्यांना दाखवताना अंगठी माझ्याच हातून पडली अन् खड्याची पकड ढिली झाली. सेलूच्या सोनाराकडे नेली. त्यालाही अंगाऱ्याचं कौतुक ऐकवलं. त्यानं मोबाइलचा उजेड खड्यात सोडला आणि हसला.

"काका, ही तुरमली हाय, पन्न्यासारखाच दिसणारा दुसरा हलका खडा. तापली की राख ओढायची खोड हिचीच, पन्न्याची न्हाई. पन्न्यात आत बारीक रेघांचं जाळं असतंय, म्हणून त्याला लय जपावं लागतंय. ही बघा कशी स्वच्छ. रोज वापरा खुशाल."

म्हणजे वीस वर्षं मी माझ्या फसगतीचा पुरावा माझ्याच तोंडानं गावभर वाटत होतो! लाजेनं कानशिलं तापली. गावाचं मरू द्या, पण बायकोला काय सांगू? तिनं माहेरी या पन्न्याचा केवढा मान मिरवला होता. एसटीत ठरवलं, गप्प बसायचं. पण घरी पाय ठेवताच तिनं विचारलं, "काय म्हणला सोनार?" आणि मला खोटं रेटवेना.

"पन्ना न्हाई निघाला. तुरमली हाय. फसलो मी."

तिनं अंगठी माझ्या हातातून घेतली. "रोज घातली तर चालती का?"

"चालती म्हणला."

तिनं अंगठी बोटात सरकवली आणि तशीच परातीत भाकरीचं पीठ मळायला बसली. मी ओरडलो, "अगं काढ की, पीठ भरंल!"

"भरू द्या. आवो, लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासनं मला ही बोटात पायजे व्हती. तुमच्या पन्न्याच्या धाकानं डब्यात ठेवली."

मला लय वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, तिचा तो हात बघून त्याहून जास्त बरं वाटलं.