जांगडवर आणलेल्या कुड्या

आमच्या घरात हिरे सात दिवस होते. आठवा दिवस त्यांनी पाहिला नाही.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवलं. हिरा आणि कोळसा एकाच जातीचे, हा धडा दरवर्षी यायचा आणि दरवर्षी एखादी मुलगी विचारायचीच, "मंग बाई, हिरा इतला महाग काऊन?" लोकांना अक्कल नाही म्हणून, असं मी खेकसायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायची. वर्गाला वाटायचं, बाईंना दागिन्यांचा राग आहे. राग होता, पण दागिन्यांचा नव्हता.

आर्वीच्या बाजारओळीत बाबांचं कापडाचं दुकान होतं, आणि गावाबाहेर थोडी शेती. घरात आई, बाबा, बाबांची विधवा मोठी बहीण म्हणजे आमच्या आत्याबाई, मी आणि माझा भाऊ. शहात्तर साली मी दहा वर्षांची होते, तो चार. माझ्या पाठचं एक लेकरू जन्मतःच गेलं होतं, त्यामुळे तो सगळ्यांच्या कडेवर वाढला. त्याला साधं खरचटलं तरी तो रडत थेट आईकडे जायचा, जखम दाखवायचा, आईनं फुंकर मारली की गप्प. दुसऱ्या कोणाची फुंकर त्याला चालत नसे. मी मारून पाहिली होती.

आईला एकच हौस होती, हिऱ्याच्या कुड्यांची. मध्ये एक खडा आणि भोवती सहा, अशा. कोर्टातल्या कुठल्याशा साहेबांच्या बायकोच्या कानात तिनं त्या हळदीकुंकवाला पाहिल्या होत्या. घरी येऊन तिनं आम्हाला हरभऱ्याच्या डाळीचे दाणे पाटावर मांडून दाखवलं, अशा असतात म्हणून. भावानं मधला दाणा खाऊन टाकला आणि ती इतकी हसली की आत्याबाई पूजा सोडून बाहेर आल्या.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. "सोनं घे ना. सोनं अडीअडचणीत उभं राह्यते. हिरा घेतानी हिरा असते, विकाले गेलं का काच होते."

"मले विकाचाच नाई," आई म्हणाली.

"मंग त्याचा उपयोग काय?"

"उपयोग कायले पाह्यजे? मले आवडते."

हौसेला मोल नाही, हे बाबा दुकानात गिऱ्हाइकांना दिवसभर ऐकवायचे. घरात ऐकून घेताना मात्र त्यांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते वर्ध्याच्या सराफाकडून लाल कागदात बांधलेल्या कुड्या घेऊन आले. दिवाळी नुकतीच झाली होती, कापसानं भरलेल्या बैलबंड्या बाजारात येऊ लागल्या होत्या आणि बाबा खुशीत होते.

कुड्या आणल्या होत्या त्या जांगडवर. म्हणजे पैसे न देता, विश्वासावर, पसंत पडेपर्यंत. लग्नघरी बाबाही असेच शालूंचे गठ्ठे जांगडवर पाठवायचे. पण शालू फक्त पसंत पडावा लागतो. हिरा लाभावाही लागतो. आमच्याकडे सगळ्यांची तशी समजूत. सराफानंच सांगितलं होतं की तीन दिवस उशाखाली ठेवा, मग घाला, आठ दिवस घरात काही वाईट घडलं नाही तर माल तुमचा. वाईट घडलं तर परत आणा, मी कारण विचारणार नाही.

झालं. त्या दिवसापासून आत्याबाईंचा दरबार भरला. घरात काहीही झालं की त्या ते कुड्यांच्या नावावर जमा करायच्या. दुकानात एका दिवसात चार लुगडी खपली, कुड्या चांगल्या. दूध नासलं, कुड्यांचं लक्षण ठीक नाही. मांजरीनं माडीवर तीन पिल्लं घातली तेव्हा त्या बराच वेळ विचारात पडल्या, कारण हे शुभ की अशुभ ते त्यांना ठरवता येईना. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे त्यांना कोण सांगणार? बाबा हसायचे. आई मात्र हसायची नाही. नासलेल्या दुधाचं पातेलं तिनं आत्याबाईंनी पाहायच्या आधी मागच्या दारी ओतून टाकायचा प्रयत्न केला होता आणि ती पकडली गेली होती. ते पाहून मी मनाशी पक्कं केलं की या आठ दिवसांत घरात काही वाईट होऊ द्यायचं नाही, आणि झालंच तर कोणाला कळू द्यायचं नाही.

रविवारी न्हाऊन आईनं कुड्या घातल्या. फिरक्या घट्ट बसवायला तिला मी मदत केली. कपाटाच्या आरशासमोर ती मान एकीकडे वळवायची, मग दुसरीकडे. माझी आई दिसायला साधी होती, रंगानं सावळी, आणि सासरी आल्यापासून तिनं ते कधीतरी ऐकलेलं असणार. त्या दिवशी ती कोणाची नजर चुकवत नव्हती. भाकरी थापताना, उष्टी काढताना, दळण निवडताना कानाशी काहीतरी लकाकायचं. मला माझ्या आईचा अभिमान वाटला. तिला असं पाहिलं ते शेवटचं.

त्याच दिवशी दुपारी भाऊ माझ्याजवळ आला. मी ओट्यावर गोट्या मांडून बसले होते. "माहा गळा दुखते," तो म्हणाला.

त्याचं अंग गरम लागत होतं. मला कळलं, म्हणजे ताप आहे एवढं दहा वर्षांच्या मुलीला कळतंच. आणि पुढचंही मला एका क्षणात दिसलं. आत्याबाई मान हलवणार, बाबा लाल कागद शोधणार, आई कानातल्या फिरक्या सोडवणार. फक्त चार दिवस राहिले होते. गळा तर कोणाचाही दुखतो. मी त्याला डब्यातून गुळाचा खडा काढून दिला आणि सांगितलं, "आईले सांगू नको."

सोमवारी तो जेवला नाही. मी त्याचं ताट गुपचूप पुसून खाल्लं. त्याची मान जराशी सुजल्यासारखी दिसत होती, तर मी बाबांचा मफलर त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला. थंडी होती, कोणाला काही वाटलं नाही. आत्याबाई तर म्हणाल्या, पाहा, बहीण भावाची किती काळजी घेते.

मंगळवारी सकाळी त्याच्या श्वासाचा आवाज येऊ लागला. आर्वीच्या डॉक्टरांनी तोंड उघडून आत पाहिलं आणि बाबांना म्हणाले, ताबडतोब वर्ध्याला न्या, बसची वाट पाहू नका. कोणाची तरी जीप मिळाली. आई त्याला मांडीवर घेऊन पुढे बसली. तिच्या कानात कुड्या होत्याच, काढायला तिला सुचलं नव्हतं.

घटसर्प होता. बुधवारी दुपारच्या आत तो गेला.

मी तिथे नव्हते. बाबांकडून नंतर तुटक तुटक कळलं ते एवढंच की दवाखान्याच्या व्हरांड्यात आईनं स्वतःच्या हातानं कुड्या काढल्या आणि बाबांच्या तळहातावर ठेवल्या. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. हे वाक्य बाबांनी घरी येऊन सांगितलं आणि मी दाराच्या मागे उभी राहून ऐकलं. दोन दिवस. मला ते बोटांवर मोजायचीही गरज नव्हती.

बाबांनी कुड्या परत नेऊन दिल्या. सराफानं शब्द पाळला, कारण विचारलं नाही. आत्याबाईंनी मात्र निकाल देऊन टाकला. "हिरा लाभला नाई. हिऱ्यानं पोरगं खाल्लं." येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या हे सांगायच्या, आणि त्या बायकाही आपापल्या माहितीतले हिरे काढायच्या. आई भिंतीला टेकून बसलेली असायची. ती कधी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

मी त्या लोकांचा फार द्वेष केला. आणि रोज रात्री अंथरुणात त्यांचे आभारही मानले, हेही सांगून टाकते. हिऱ्यावर सगळं गेलं म्हणून माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही.

अकरा वर्षं गेली. घरात त्याचं नाव निघेनासं झालं. आत्याबाई गेल्या. मी बी.एस्सी. झाले आणि माझं लग्न कारंज्याला एका शिक्षकांशी ठरलं. तिकडच्यांचा निरोप आला की सुनेला नाकातली चमकी हिऱ्याची घालणार आहोत, त्यांच्या घरची तशी पद्धत. आईनं उलट निरोप पाठवला, सोन्याची घाला, हिऱ्याची नको. ते लोक दुखावले. बाबा मध्ये पडले, मला विचारायला लागले. मला तिरमिरी आली. माझ्यासारखी शिकलेली मुलगी, आणि माझी आई एका दगडाला भिऊन सोयरीक ताणत होती. पण खरा राग तो नव्हता. तिनं उरलेला जन्मही असाच आपल्या हौसेला दोष देत काढायचा, आणि मी ते बघत कारंज्याला निघून जायचं, हे मला सहन होईना.

एप्रिल होता. आम्ही दोघी गच्चीवर लग्नाच्या कुरड्या घालत होतो. ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून सकाळीच बसलो होतो. गव्हाचा शिजलेला चीक सोऱ्यात भरायचा आणि धोतराच्या फडक्यावर पाडायचा. माझे हात चालू होते म्हणून मला बोलता आलं.

"आई, हिऱ्यानं काई नाई केलं. त्यानं मले रविवारीच सांगतलं होतं, गळा दुखते म्हनून. मी लपवलं. तुह्या कुड्या वापस जाऊ नये म्हनून."

तिनं सोऱ्या फिरवणं थांबवलं नाही. हातातली कुरडई पूर्ण केली, तिचं टोक बोटानं तोडलं. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मी परत म्हणणार, तेवढ्यात ती बोलली.

"मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्याचं आंग गरम होतं ते. रविवारी सकाळी त्याले आंघोय घातली, तवाच हाताले लागलं. कुड्या घालाच्या आधीच. म्या म्हटलं, उद्या पाहू. सोमवारी म्हटलं, उद्या पाहू." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "आत्याबाईनं हिऱ्यावर घातलं. म्या घालू देल्लं. नाई तं जगली कशी असती वं मी?"

म्हणजे अकरा वर्षं, एकाच चुलीवरचं खात, आम्ही दोघी एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होतो. तिला हिऱ्याचं भय कधीच नव्हतं. चमकी तिला माझ्या नाकात पाहवली नसती, एवढंच होतं. मी रडायला लागले. ती रडली नाही. तिनं सोऱ्या खाली ठेवला आणि मला एक प्रश्न विचारला. तो तिनं अकरा वर्षं घोकला असणार, इतका तो तयार होता.

"पन मंग तो मले काऊन नाई बोलला? काटा रुतला तरी माह्याकडेच ये तो. गळा इतला दुखे तं मले काऊन नाई सांगतलं त्यानं?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते मी कधीही द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आईसमोर ते लपवणं आता शक्य नव्हतं.

"मी त्याले म्हटलं होतं, आईले सांगशील तं तिच्या कुड्या काढून नेतीन. तं त्यानं इचारलं, मंग आई चमकनार नाई? मी म्हटलं, नाई. तं म्हने, मंग नाई सांगत. आई चांगली दिसते."

भांड्यातल्या चिकावर साय धरायला लागली.

"असं म्हटलं त्यानं?"

"हो."

"कसं म्हटलं? त्याच्यासारखं सांग."

मी त्याच्यासारखं सांगितलं. तो 'च' जरा बोबडा म्हणायचा, तसं. तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं, आणि पुन्हा. खालून बाबांनी हाक मारली, कुरड्या झाल्या का म्हणून. "अजून एकदा सांग," आई म्हणाली.