पालथा आवाज

जगन चहा बशीत ओतायचा आणि विसरायचा. तापलेलं सोल्डरिंगचं आयर्न गालाजवळ नेऊन बघायचा. बसल्या जागी पेंगायचा, आणि रेडिओ बंद केला की जागा व्हायचा. दमलो म्हणायचा नाही. "बॅटरी उतरली" म्हणायचा.

कापूरहोळच्या फाट्यावर त्याची रेडिओदुरुस्तीची टपरी होती. त्र्याहत्तरच्या बुद्धजयंतीला गावच्या विहारासमोर दोन कर्णे लावले. एक विहाराच्या जुन्या ॲम्प्लिफायरवर, दुसरा जगनने स्वतः जुळवलेल्यावर. जोर वाढावा म्हणून त्याने आपल्या डब्यात आणखी एक ट्रान्झिस्टर टाकला होता. कर्ण्यांजवळ आवाज वाढला. मधोमध, बाया बसतात तिथे, पोकळ झाला.

त्याची आई सरूबाई तिथेच बसलेली. तिला आधीच कमी ऐकू यायचं.

"समद्यांनी ऐकलं," ती भाकरी थापताना म्हणाली. "माझ्यापत्तूर काय आलं न्हाई."

"पुढल्या साली येईल, आये."

मी, त्याचा बीएला असलेला शेजारी, चुलीपाशी बसलो होतो. कारण विचारलं. त्याने तव्याकडे बोट दाखवलं.

"ट्रान्झिस्टर आवाज मोठा करतो, पर पालथा करून देतो. लाटंचा वरचा भाग खाली, खालचा वर. दोन असले की भाकरी दोनदा उलटली, सुलटी झाली. म्या तिसरा टाकला. आता विहाराचा जुना डबा हवा पुढं ढकलतो तवा माझा मागं ओढतो. मधी दोघं एकमेकाला खात्यात."

"ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी दुसऱ्यावरून आवाज घेतला तर सुलटा येतो म्हणाला होतास."

"येतो. पर वाढत न्हाई."

"मग कर्ण्याच्या वायरी उलट लाव."

"दरसाल लावणारा येगळा. एखाद्या साली तू लावशील, बीए. मंग झालंच." त्याने डोळे चोळले. "डब्यातच सुलटं पायजे. चौथा टाकतो."

वर्षभर तो लोकांचे रेडिओ दुरुस्त करत राहिला. डबा फळीवर राहिला. जयंती जवळ आली तेव्हा खाली काढला. त्याच आठवड्यात विंझरहून येताना एसटीतून उतरला आणि फाट्यावरच छातीला हात लावून बसला. उठला नाही.

काल सरूबाईने मला टपरी उघडायला लावली. बशीत चहा वाळला होता. तिने डबा माझ्यापुढे सरकवला.

"झालंय का रं?"

मी आत पाहिलं. चौथा ट्रान्झिस्टर बसवलेला होता. दोन पायांना सोल्डरचा डाग दिलेला. तिसरा पाय वाकवून ठेवलेला, हवेत.