पर्याय आणि पऱ्या

ऐंशीच्या दशकात माझ्या तोंडात एकच शब्द असायचा: पर्याय. डॉक्टरला पर्याय, शाळेला पर्याय, रॉकेलला पर्याय. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून मी जगाला पर्याय देत होते. खांद्याला झोळा, पायात कोल्हापुरी, आणि चेहऱ्यावर असा भाव, की ठाण्याच्या शिबिरात मिळालेलं दीड दिवसाचं ज्ञान म्हणजे वेदांच्या पुढचं पाऊल. आज ती बाई जिन्यात समोर आली तर मी मागच्या मागे घरात शिरून कडी लावून घेईन.

मुलगी परीक्षा नसलेल्या शाळेत जायची. तिला सर्दी झाली की होमिओपॅथीच्या गोड गोळ्या. त्या तिला इतक्या आवडायच्या की सर्दी कधी बरीच व्हायची नाही. आमचे हे सगळं सोसायचे, कारण त्यांना घरात शांतता हवी असायची आणि शांततेला मी अजून पर्याय शोधला नव्हता.

सासरे गेले आणि सासूबाई रत्नागिरीकडचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. जन्मभर चूल फुंकून त्यांची छाती पार खराब झाली होती. त्यांच्या बाबतीत मात्र पर्यायबिर्याय न काढता आम्ही सरळ इंजेक्शनवाल्या डॉक्टरांकडे गेलो, एवढी अक्कल मला कुठून सुचली देव जाणे. डॉक्टर म्हणाले, "यांना पुन्हा धुरात बसू देऊ नका. ही छाती आता धूर सोसणार नाही." म्हणजे गावी परत पाठवणं आलंच नाही. तिथे त्या एकट्या, आणि चुलीशिवाय दुसरं काही त्यांनी पेटवलंही नसतं.

पण इकडे त्या जेवेनात. दोन घास घेतले की पान बाजूला.

"गॅसवरचं खाल्लं की पोटात गॅस धरतो," त्या म्हणाल्या.

मी हसले. "आई, तो गॅस वेगळा, हा वेगळा."

"मग नाव एक कसं?"

उत्तराला पर्याय म्हणून मी त्यांना गोड गोळ्या दिल्या. त्यांनी त्या तळहातावर घेऊन निरखल्या आणि विचारलं, "साबुदाण्याच्या आहेत का गो? एकादशीला चालतील." पोट काही ऐकेना. त्या वाळत चालल्या. एक दिवस मी बाहेरून आले तर त्यांची लोखंडी ट्रंक दाराशी भरून ठेवलेली. "होळी गावाला करीन म्हणते. आणि मग तिथेच राहीन. इथे तुझ्या गॅसवर मरण्यापेक्षा तिथे धुरात मरेन."

मी मात्र उजळले. हीच ती वेळ, असं वाटून मी ठाण्याहून सूर्यचूल आणली.

सूर्यचूल म्हणजे बॅगेसारखी पत्र्याची पेटी. वर काचेचं झाकण, त्याच्यावर आरसा, आत काळ्या रंगाचे चार डबे. सकाळी डब्यांत डाळ-तांदूळ-पाणी घालायचं, पेटी गच्चीवर उन्हात ठेवायची, आरसा सूर्याकडे वळवायचा, दुपारी वरण-भात तयार. पोळी तिच्यात होत नाही, पण सासूबाई पोळीला आजाऱ्याचं अन्न मानत. मी त्यांना समोर बसवून भाषण दिलं. ऊर्जा, भविष्य, पर्याय.

"पऱ्या?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरामागे आहे ना पऱ्या."

आता त्यांच्याकडे पऱ्या म्हणजे ओढा. मी समजावू लागले तर त्या हात हलवून म्हणाल्या, "कळलं गो कळलं. ना गॅस, ना धूर. सूर्यनारायण शिजवणार. बघू तरी."

ट्रंक दाराशीच राहिली.

आणि भात शिजेना! डाळ टणक, तांदूळ चावला की कटकन आवाज. रोज. मी आधी आरशाला दोष दिला, मग मानपाड्याकडच्या कारखान्यांच्या धुराला, मग सरकारला. शेजारच्या काकू गच्चीवर कुरडया घालायला यायच्या. त्यांच्यापुढे मी औद्योगिक प्रदूषणावर बोलायचे. त्या ऐकून घेत आणि म्हणत, "पण माझ्या कुरडया तर कडकडीत वाळल्या हो." हे जेवताना दात सांभाळत. सासूबाई मात्र गॅसवरच्या जेवणाला शिवत नव्हत्या. कच्चट भात ताकात कालवून गिळत होत्या आणि होळी जवळ येत होती.

शेवटी मुलीच्या तोंडून निघालं. परीक्षा नसलेल्या शाळेला सुट्टीही बरीच असायची, आणि आजीचा हात धरून तिला गच्चीवर नेणं हे तिचं काम होतं. "आजी रोज झाकण उघडते," ती म्हणाली. "आणि बाप्पाला म्हणते, जेव."

मी सासूबाईंकडे बघितलं.

"मग? नैवेद्य दाखवायला नको?" त्या म्हणाल्या. "ज्याने शिजवलं त्याला आधी न दाखवता आपण कसं खायचं?"

भर उन्हात पेटी सताड उघडी टाकून, पाणी फिरवून, डोळे मिटून, सावकाश. आतली सगळी ऊब आकाशात. मी परत भाषणाच्या पवित्र्यात उभी राहिले. उष्णता कोंडणे, काचेचा गुणधर्म वगैरे. त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं.

"काचेतून त्याला आत जाता येतं?"

"हो आई, म्हणून तर शिजतं."

"मग काचेतून दिसतही असेल. उघडायचं कशाला? आधी बोलली असतीस तर!"

दुसऱ्या दिवसापासून नैवेद्य काचेतून. भात असा मऊ, मोकळा, की सासूबाईंनी तीन वेळा वाढून घेतला आणि वर ढेकर दिली, तृप्तीची, पोटातल्या गॅसची नव्हे. होळी डोंबिवलीत झाली. अंगावर मांस दिसू लागलं. मी बिल्डिंगभर मिरवले. सेक्रेटरींना पकडून भात चाखवला.

मग जून आला आणि आभाळ भरलं. सूर्यनारायण रजेवर. मी तोंड लपवत होते, तर सासूबाई खिडकीशी बसून म्हणाल्या, "आमचा पऱ्या उन्हाळ्यात आटतो, तुझा पावसात. चालायचंच." आणि ट्रंकेवरची धूळ पुसायला लागल्या.

त्या दिवशी माझ्यातली पर्यायवाली बाई निमूट झोळा उतरवून बाजूला झाली. मी शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या गॅसवर, पातेल्यात भात शिजवला. कुकर नको, शिट्टी ऐकू जाईल! वरण वेगळं. दोन्ही काळ्या डब्यांत भरून गच्चीच्या जिन्यावर जरा वेळ उभी राहिले आणि धापा टाकत खाली आले. "ढगाआडून येतं हो थोडंथोडं ऊन," मी म्हणाले. ओल्या जिन्यावरून त्या वर येणार नव्हत्याच. असं कितीतरी दिवस चाललं. काकू म्हणायच्या, "तुमच्या सूर्याला आज फोडणी हवीय का?"

एका रविवारी तर दुपारी दिवे लावावे लागले, इतका अंधार. मी वाढलं. सासूबाईंनी भात कालवला, एक घास घेतला, खिडकीकडे पाहिलं.

"आज ऊन चांगलं कडक होतं, नाही?"

ह्यांना ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. सासूबाईंनी भात परत मागून घेतला.

जेवण झाल्यावर त्या दाराशी गेल्या. ट्रंक उघडून लुगडी, पूजेची पितळी भांडी, सगळं बाहेर काढलं आणि माझ्या कपाटातला एक खण रिकामा करायला सांगितला. मग रिकामी ट्रंक माझ्याकडे सरकवून म्हणाल्या,

"हिच्यात तुझे ते काळे डबे ठेव. वापरात नाहीत तर ओलीने गंजतील. दिवाळीनंतर काढू."