सुधामावशींचा गालिचा

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. घरी नाही, मैत्रिणींजवळ नाही. आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. एवढंही धैर्य म्हणायचं का, मला ठाऊक नाही.

ऑफिसात लोक मला गालिच्यांबद्दल विचारतात. कुणाच्या गालिच्यावर चहा सांडतो, कुणाच्या सतरंजीचा रंग फरशीला लागतो. मी सांगते — डाग घासू नकोस, कोरड्या फडक्यानं टिपून घे, कडेकडून मध्याकडे ये. तागाच्या चटईला पाणी लावू नकोस, पिवळी पडते. सुती सतरंजी खुशाल धू, पण आधी एक कोपरा भिजवून रंग जातो का बघ. काथ्याचं पायपुसणं उलटं करून आपट, बस. परवा एकजण म्हणाली, "यार, तू आधी गालिच्याच्या दुकानात होतीस का गं?" सगळे हसले. मीही हसले. हे सगळं मला कुणी शिकवलं ते मी सांगितलं नाही. मी ते कधीच सांगत नाही.

मी आटपाडीकडची. वडील घोंगड्या विणतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली आणि पदवी घेतलेलीही पहिली. ऐरोलीला नोकरी लागली तेव्हा मुंबईत आमचं ओळखीचं कुणी नव्हतं. कॉलेजच्या बाईंनी त्यांच्या नात्यातल्या सुधामावशींचं नाव दिलं. मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं घर. मावशी एकट्याच राहत. मूळच्या सावंतवाडीच्या, लग्न होऊन मुंबईत आलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी मला आतली खोली दिली. खोली दिली म्हणते, पण त्यांनी घरच दिलं. मी येईपर्यंत त्या जेवायला थांबत. खात्याची परीक्षा पास झाले तेव्हा त्यांनी अख्ख्या मजल्यावर शिरा वाटला आणि प्रत्येक दारात सांगितलं, "आमची सुवर्णा. एम.एस्सी. आहे हो."

मावशींना त्या घरातच राहायचं होतं. शेवटपर्यंत. त्यांचा मुलगा, मिलिंददादा, बेंगळुरूला असतो. तो दर फोनला म्हणे, "आई, आता बंद कर ते घर, ये इकडे." एकदा दोघांचं चांगलंच वाजलं, आणि मग माझ्यासमोरच ठरलं. मावशी म्हणाल्या, "माझं डोकं ठिकाणावर आहे तोवर मी इथून हलणार नाही. मी विसरायला लागले, की मीच तुला फोन करीन. मग ने मला, मी हूं की चूं करणार नाही." मावशी बोलल्या की ते पाळत. दादालाही ते माहीत होतं. मलाही.

त्यांच्या घरात फरशी उघडी अशी नव्हतीच. दारात काथ्या, बाहेरच्या खोलीत पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी, देवापुढे लोकरीचं आसन, माझ्या खोलीत चटई. आणि कपाटाशेजारी, दोन माणसं मांडी घालून बसतील एवढा, लाल-निळा लोकरीचा गालिचा. त्यांच्या यजमानांनी उत्तरेत बदलीवर असताना घेतलेला. तो दसऱ्याला अंथरायचा आणि मे महिन्यात उचलायचा. उचलताना गच्चीवर पालथा घालून ऊन द्यायचं, मऊ ब्रशनं लवेच्या दिशेनं झाडायचा, मग जुन्या धोतरात कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळायचा आणि माळ्यावर. पाणी लावायचं नाही. पहिल्याच वर्षी मी बादली घेऊन उभी राहिले तर म्हणाल्या, "गालिचो काय चादर असा, बुचकळूक?" रागावल्या किंवा मजेत असल्या की त्या मालवणीवर येत.

सतरंजी झटकायला दोन माणसं लागतात. गच्चीवर आम्ही समोरासमोर उभ्या राहून चार कोपरे धरायचो. त्या एकदम झटका देत, माझ्या हातून कोपरा सुटे, आणि त्या म्हणत, "आटपाडीत जेवायला घालत नव्हते काय तुला?" मुंबईत मला इतकं हक्कानं कुणी चिडवलं नाही. पुढेही नाही.

मी अजून मुद्द्यावर येत नाही, हे माझ्याही लक्षात येतंय.

त्या मे महिन्यात मावशींनी नेहमीप्रमाणे गालिच्याला ऊन दाखवलं, झाडला, गुंडाळला. मी स्वतः तो माळ्यावर चढवला. खडखडीत कोरडा होता. मग त्या भाचीच्या लग्नाला सावंतवाडीला गेल्या. मी घरात एकटी. आणि मला वाटलं, यांनी आपल्यासाठी इतकं केलं, आपणही काहीतरी करावं. गालिचा वापरून लुळा पडला होता, कडा दुमडायच्या. लोकर मला कळत होती — कळते असं मला वाटत होतं. आमच्याकडे घोंगडी विणून झाली की धुतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून केलेली पेज ती. आई ती कुंच्यानं लावते आणि उन्हात ताणून वाळवते. घोंगडी अशी ताठ होते, की भिंतीला टेकवली तर उभी राहते.

मी गालिचा खाली काढला. न्हाणीत धुतला, पायांनी तुडवून. खळ शिजवली, मागच्या बाजूनं लावली, गच्चीवर वाळवला. हाताला कोरडा लागला. छान ताठ झाला होता. पुन्हा धोतरात बांधून, पाला घालून, जसा होता तसा माळ्यावर ठेवला. दसऱ्याला अंथरताना मावशी बघतील आणि विचारतील, हे कुणी केलं — असं मनात योजून ठेवलं. त्या परत आल्या तेव्हा मी गप्प राहिले, ते या आनंदात. तेवढं गप्प राहणं तरी खोटं नव्हतं.

आमच्याकडची हवा कोरडी. तिथे खळ वर्षानुवर्षं टिकते. मुलुंडच्या पावसाळ्यात चिंचोक्याच्या पेजेचं काय होईल, हा विचार एम.एस्सी. झालेल्या मला शिवलाही नाही.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही गालिचा उघडला. आधी वास आला. मग पांढरी बुरशी दिसली, आणि तिच्यात वळवळणारी कसर, लोकर खाणाऱ्या बारीक अळ्या. मावशींनी हात फिरवला तर लव झुपक्यानं निघाली. मागची वीण जागोजाग खाल्लेली होती. त्या खाली बसल्या. रडल्या नाहीत. निघालेले झुपके परत जागेवर ठेवून बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे कसं झालं गो? मी चांगला वाळवलेला ना?"

आता सांगते.

मी म्हटलं, "नाही मावशी. तुम्ही ओलसरच बांधलात. मी म्हटलं होतं, अजून एक ऊन द्या. तुम्हाला आठवत नाही का?"

पहिलं वाक्य भीतीनं गेलं असं म्हणता येईल. पण शेवटचं? ते मला कुणी विचारलं नव्हतं. ते मी आपणहून जोडलं, कारण त्याशिवाय पहिलं खरं वाटलं नसतं. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. त्या मे महिन्यातली ती दुपार शोधत होत्या. ती त्यांना सापडत होती, नीट, जशी होती तशी — हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि ती त्यांनी माझ्या शब्दाखातर सोडून दिली.

"तू म्हणालीस असं?"

"हो."

"असेल गो. असेल."

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार शिव्या, दोन दिवसांचा अबोला, मग चहा. मला ते माहीत होतं. मग मी कशाला घाबरले? प्रत्येक दारात सांगितलेली ती 'एम.एस्सी.' मला खाली ठेवायची नव्हती. खळ लावणारी मुलगी व्हायचं नव्हतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. असं होतं, इतकंच.

त्यानंतर मावशी गॅस बंद केलाय का, हे उठून उठून बघू लागल्या. आमटीत मीठ घातलंय की नाही, मला विचारू लागल्या. दार लावून जिना उतरायच्या आणि परत वर यायच्या. मीठ बरोबर असायचं. दार लागलेलं असायचं. मी रोज बघत होते, आणि रोज वाटायचं, आज सांगू. दिवाळीच्या आधी त्यांनी दिलेल्या शब्दाप्रमाणे मुलाला फोन केला. मी आत होते, ऐकू येत होतं. "गालिचा ओला बांधून ठेवला रे मी. यांचा गालिचा. आणि मला आठवतसुद्धा नाही."

मिलिंददादा आला. मला खाली, बिल्डिंगच्या फाटकाशी घेऊन गेला. म्हणाला, "सुवर्णा, खरं सांग. तू तिच्याबरोबर राहतेस. ती विसरते का? ती नुसती घाबरली असेल, तर मी तिला इथून हलवणार नाही." याहून सरळ कुणी विचारू शकतं का? तो भला माणूस आहे, तोही आईसारखाच. मी म्हटलं, "हो दादा. थोडं थोडं विसरतात."

त्यानं मला नमस्कार केला. थँक्यू म्हणाला.

घर आवरायला फार दिवस लागले नाहीत. सतरंजी बिल्डिंगच्या भजनी मंडळाला गेली. गालिचा त्यांनी टाकू दिला नाही, धोतरात बांधून बरोबर नेला. निघताना मजल्यावरच्या बायका जमल्या होत्या. मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्यांना म्हणाल्या, "ही होती म्हणून कळलं हो. नाहीतर मी काय करून बसले असते." गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होते.

आता मी बोरिवलीला असते. एकटी. खोली चांगली आहे, उजेड येतो. जमिनीवर काही अंथरलेलं नाही. संध्याकाळी आल्यावर चावी ठेवल्याचा आवाज होतो, त्यानंतर कसलाच नाही. मावशींचे फोन यायचे, आधी दर रविवारी. मी कधी घ्यायचे, बरेचदा नाही. आता त्या स्वतः करत नाहीत. सूनबाई लावून देतात. डॉक्टरांनी आता आजाराचं नाव सांगितलंय. म्हणजे पुढेमागे ते होणारच होतं, असं मी म्हणू शकते. तेव्हा मात्र त्यांना काहीही झालेलं नव्हतं. त्यांना सगळं आठवत होतं.

गेल्या आठवड्यात फोन आला. सूनबाई म्हणाल्या, "कुणाचं ऐकत नाहीत, सारखं सुवर्णाला विचारा, सुवर्णाला विचारा." मावशी आता मालवणीतच बोलतात. म्हणाल्या, "गो सुवर्णा, मी जेवलंय काय?"

मी बोरिवलीत, त्या बेंगळुरूत. मला काय ठाऊक?

मी म्हटलं, "हो मावशी, जेवलात."

"तू सांगतंस म्हणजे जेवलंय असतलंय," त्या म्हणाल्या, आणि शांत झाल्या.